तलवारीवर नाव कोणाचे?

तलवारींचा नाद असलेली चार माणसे एकत्र जमली की एक प्रश्न हटकून निघतो. जगातली कोणतीही एकच तलवार घरी न्यायला मिळाली, तर तुम्ही कोणती उचलाल? प्रश्न पोरकट वाटतो, पण उत्तरे ऐकण्यासारखी असतात. माणूस कोणती तलवार मागतो, यावरून तो इतिहासात काय शोधतो हे कळून येते.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमच्या हातात आयुष्यभर पावतीपुस्तक आणि मागणीपत्रक आले, तलवार कधी आली नाही. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. पण फाटकावरच्या सभांनी आम्हाला एक खोड लावली आहे. कोणतीही वस्तू समोर आली की ती कोणाच्या मालकीची हे विचारण्याआधी, ती कोणी घडवली, कशी घडवली आणि त्यापायी त्याचे काय झाले, हे आम्ही विचारतो. हीच खोड घेऊन आज आम्ही तलवारीकडे जाणार आहोत.

नादी माणसांची उत्तरे साधारणपणे तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार नावावर जाणाऱ्यांचा. त्यांना थोर पुरुषाच्या हातातली तलवार हवी असते. महाराष्ट्रात हा प्रश्न विचारला तर दहांपैकी नऊ जण शिवछत्रपतींची तलवार म्हणतील, आणि त्यात नवल नाही. इंग्लंडचा युवराज एडवर्ड १८७५-७६ साली हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला, तेव्हा कोल्हापूरच्या छत्रपतींकडून त्याला मिळालेली, शिवाजी महाराजांची म्हणून नोंदलेली तलवार आजही इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. अ. र. अंतुले १९८० साली मुख्यमंत्री झाले, तेव्हा त्यांनी तलवार परत आणण्याची गोष्ट काढली आणि सारा महाराष्ट्र हलला. जिथे आपले मन गुंतले आहे तिथे हात जाणारच.

पण त्या तलवारीचे वर्णन वाचताना आम्ही एका ओळीवर थांबलो. तिचे पाते सरळ व युरोपीय घडणीचे असून, त्यावर ख्रिस्ताच्या नावाची तीन रोमन अक्षरे तीनदा उमटवलेली आहेत. म्हणजे ते पाते दूरच्या कोणत्या तरी ख्रिस्ती लोहाराने घडवले आणि आपल्या रिवाजाप्रमाणे त्यावर देवाचे नाव घातले. आमच्याकडे ती जगदंबा झाली. यात कोणाला कमीपणा येतो असे आम्हाला वाटत नाही. चांगले पोलाद कुठून मिळेल ते ओळखून आणणे हीही राज्यकर्त्याची नजरच होय.

टिपू सुलतानाच्या तलवारीचेही तसेच. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले, टिपू लढता लढता मारला गेला, आणि त्याच्या शयनगृहातली तलवार सेनापती बेअर्डला देण्यात आली. २०२३ च्या मे महिन्यात लंडनच्या लिलावात ती १ कोटी ४० लाख पौंडांना गेली. तिचे पाते हिंदी कारागिरांनी जर्मन पात्यांच्या नमुन्यावर घडवले होते, असे विकणाऱ्यांनीच सांगितले. टिपूचे नाव सर्वांना ठाऊक, बेअर्डचे नाव ठाऊक, किंमतही ठाऊक. त्या हिंदी कारागिराचे नाव मात्र कोणी विचारले नाही.

दुसरा प्रकार पोलादावर जाणाऱ्यांचा. ते म्हणतात, मालक कोणी का असेना, आम्हाला पात्यावर लाटांसारखी नक्षी उमटलेली जौहरदार तलवार द्या. युरोपात हिला दमास्कसची म्हणत. तिचे उत्तम पोलाद मात्र दक्षिण हिंदुस्थानातून जाई. कन्नडमधला ‘उक्कू’ हा शब्द इंग्रजांच्या तोंडी ‘वूट्झ’ झाला. आजच्या तेलंगणातले कोनासमुद्रम हे त्याचे एक नामांकित ठिकाण. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, १८२० च्या सुमारास, एका इंग्रज संशोधकाने तिथे जाऊन पाहिले, तर इस्फहानचा एक व्यापारी भट्टीजवळ ठाण मांडून पोलादाची पारख करताना त्याला आढळला.

पोलाद करण्याची रीत ऐकण्यासारखी आहे. लोखंडाचे तुकडे मातीच्या लहान मुशीत भरायचे, त्यांत लाकडाचे तुकडे आणि हिरवी पाने घालायची, मूस लिंपून बंद करायची आणि भात्यावर तासन्‌तास तापवून हळूहळू निवू द्यायची. म्हैसूरकडे यासाठी लाकूड तरवडाचे वापरत. तोच तरवड, जो आपल्या माळरानावर पिवळा फुलतो आणि ज्याकडे ढुंकूनही कोणी पाहत नाही. त्यातला कोळसा लोखंडात मुरे, शेकडा दीडच्या आसपास, आणि त्याचे पोलाद होई. डॉ. हेलेनस स्कॉट यांनी मुंबईहून १७९४ साली या पोलादाचे नमुने लंडनला पाठवले. पुढे मायकेल फॅरडेसारख्या थोर शास्त्रज्ञाने त्यावर प्रयोग केले. अशिक्षित म्हणून ज्यांची गणना झाली, त्यांच्या मुशीतले कोडे विलायतेतल्या प्रयोगशाळांना कित्येक वर्षे पुरले.

त्या मुशी भरणाऱ्यांची नावे कुठे आहेत? पोलाद इराणात गेले, तिथे त्याची तलवार झाली, आणि तिच्यावर नाव आले असदुल्ला इस्फहानी याचे. घडवणाऱ्याचे नाव आले म्हणून आम्ही आनंदलो. पण पुढे वाचले तेव्हा कळले, की असदुल्लाची सही असलेली पाती दोनशेहून अधिक वर्षांच्या काळातली आहेत. एवढे आयुष्य कोणाला असते? बाजारात त्या नावाला भाव आला, म्हणून इतरांनी आपल्या कामावर त्याचे नाव घातले. स्कॉटलंडात इटलीच्या आंद्रेआ फेरारा या कारागिराच्या नावाने जी पाती खपली, त्यांतली बहुतेक जर्मनीत घडलेली. कारागिराचे नावसुद्धा अशा रीतीने व्यापाऱ्याचा शिक्का बनते.

तिसरा प्रकार जपानवर जाणाऱ्यांचा. तिथे लोहार पात्याच्या मुठीत दडणाऱ्या शेपटावर सही करतो. मूठ काढल्याशिवाय ती दिसत नाही. हा विनय आम्हाला आवडतो. पण मासामुने हा जो तेथला सर्वांत थोर लोहार समजला जातो, त्याच्या नावाची बहुतेक पाती बिनसहीचीच आहेत. पोलादावरची घडण पाहून जाणकारांनी ती त्याची ठरवली. त्याचा हात हीच त्याची सही. आणि हे जाणकार कोण, तर होनामी नावाचे घराणे, ज्याचा वंशपरंपरागत धंदा तलवारींना धार आणि झिलई देण्याचा. एका कामगाराची ओळख दुसऱ्या कामगाराने पटवली, ही गोष्ट आमच्यासारख्याला फार मोलाची वाटते.

आता आमचे उत्तर. आम्ही फिरंग उचलू. मराठ्यांच्या इतिहासात हा शब्द पानोपानी भेटतो. पाते सरळ, लांब, युरोपातले किंवा त्या घाटावर इथे घडवलेले. मूठ मात्र आपल्याकडची, मनगट झाकणारी. ही पाती पोर्तुगीज आणि पुढे इंग्रज व्यापाऱ्यांच्या गलबतांतून आपल्या बंदरांत उतरली. फिरंग्यांकडून आली म्हणून फिरंग.

ही पाती जिथे घडत त्यांतले एक गाव म्हणजे जर्मनीतले झोलिंगेन. तिथे तलवार एका हातची नव्हती. लोहार वेगळा, पोलादाला पाणी देणारे व चाकावर घासणारे वेगळे, मूठ बसवून तलवार सिद्ध करणारे वेगळे. पाणी देणाऱ्या व घासणाऱ्यांच्या बिरादरीला १४०१ साली, तर लोहारांच्या बिरादरीला १४७२ साली सनद मिळाली. एकाने दुसऱ्याचे काम करायचे नाही, आणि कसब घेऊन मुलूख सोडायचा नाही, अशी शपथ. तरीही १६८७ च्या सुमारास काही कारागीर कुटुंबांसह इंग्लंडात शॉटली ब्रिज येथे गेले. पोट शपथेपेक्षा मोठे असते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

पुढे १८०९ साली फ्रेंच अमलाखाली या बिरादऱ्या मोडल्या. कारागीर मोकळा झाला असे पुस्तके म्हणतात. खरे तर तो एकटा पडला. व्यापारी त्याला मजुरी रोख देईनात. धान्य, कापड, वाटेल तो माल चढ्या भावाने गळ्यात मारीत. १८४९ साली प्रशियाच्या सरकारने कायद्याने ही चाल बंद केली. इतिहासाची पाने उलटताना हा भाग आला की आम्हाला गिरणगावातल्या उधारीच्या वह्या आठवतात.

सर्वांत जड किंमत चाकावरच्या माणसाने मोजली. नदीकाठच्या कोंदट खोलीत, पाणचक्कीवर फिरणाऱ्या वालुकाश्माच्या प्रचंड चाकावर ओणवे होऊन तो पाते घासी. पाते लखलखीत होई आणि दगडाची धूळ त्याच्या छातीत बसे. इंग्लंडात शेफील्डच्या चाकू-कात्र्यांच्या धंद्यात हेच चाले. एंगल्सने १८४५ च्या आपल्या ग्रंथात तेथल्या डॉ. नाइट यांचे म्हणणे दिले आहे, की कोरड्या चाकावरच्या कामगाराचे आयुष्य सरासरीने पस्तिशीलाही पोचत नाही, आणि ओल्या चाकावरचा पंचेचाळिशी गाठत नाही. रणांगणावर तलवारीने मेलेल्यांची गणती बखरकारांनी केली. ती घासताना मेलेल्यांची गणती कोणत्या बखरीत आहे? या रोगाला आज सिलिकोसिस म्हणतात. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात तो नोंदलेला होता, आणि दगडाच्या खाणींत, काचेच्या व ओतकामाच्या कारखान्यांत तो आजही माणसे खातो. तलवारी गेल्या, धूळ राहिली.

आपल्याकडे पात्याला धार आणि झिलई देणारा तो शिकलगार. फिरंग बंदरावर उतरली की ती याच्या हाती जाई. १८७८ साली इंग्रजांचा हत्यारांचा कायदा आला. परवान्यावाचून हत्यार करणे, विकणे, बाळगणे गुन्हा ठरले. संस्थानिकांच्या तलवारी भिंतीवर टांगल्या गेल्या, शिकलगाराची चूल मात्र विझू लागली. मग सुऱ्या, विळ्या, कात्र्या, कुलुपे यांवर त्याने पोट भरले. सायकलीला चाक जोडून गल्लीतून ‘धाऽर’ म्हणून ओरडत जाणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. विळीला धार लावताना उडणाऱ्या त्या ठिणग्या एका मोठ्या विद्येच्या उरल्यासुरल्या ठिणग्या आहेत.

हे सारे अलीकडे आमच्या मनात ताजे झाले ते एका खरोखरीच्या फिरंगेमुळे. नागपूरकर भोसल्यांच्या गादीचे संस्थापक पहिले रघूजी भोसले यांची तलवार २०२५ च्या एप्रिलात लंडनला लिलावात निघाली. महाराष्ट्र सरकारने सुमारे ४७ लाख रुपयांना ती मिळवली, आणि त्याच वर्षी १८ ऑगस्टला ती मुंबईत आली. आम्हाला याचा आनंद झाला. लोकांच्या पैशाने लोकांची वस्तू परत आली, यात वाईट काय आहे? या पैशात किती शाळांची छपरे झाली असती, असा हिशेब काही मित्रांनी आमच्यापुढे मांडला. आम्ही त्यांना म्हटले, छपरेही मागू आणि तलवारही मागू. कामगाराने फक्त भाकरी मागावी आणि इतिहास मालकांकडे ठेवावा, हे आम्हाला मान्य नाही.

त्या पात्यावर सोन्याच्या अक्षरांत रघूजींचे नाव आहे, सेनासाहेब सुभा हा त्यांचा किताब आहे, आणि शेवटी एक शब्द आहे, ‘फिरंग’. त्या लेखात राजाचे नाव आले, मान आला, आणि जाता जाता त्या एका शब्दाने कबुलीही दिली, की हे पाते परक्या हातांनी, किंवा परक्या हातांकडून शिकलेल्या हातांनी घडवले आहे. आम्हाला हीच तलवार सर्वांत प्यारी वाटते ती या शेवटच्या शब्दासाठी.

अर्थात ती आमच्या घरी नको. दोन खोल्यांत ती ठेवायची कुठे, आणि ठेवली तरी तिच्यावर पहारा कोण करणार? तिची जागा सार्वजनिक वस्तुसंग्रहालयात, जिथे शाळेतल्या पोरापासून हमालापर्यंत कोणालाही काचेला नाक लावून ती पाहता येईल. आमची मागणी आहे ती काचेबाहेरच्या पाटीविषयी. मागणीपत्रक लिहिण्याची सवय असल्यामुळे ती थोडक्यात मांडतो. जिथे जिथे अशी जुनी तलवार ठेवली असेल, तिथे पाटीवर धन्याचे नाव खुशाल पहिल्या ओळीत लिहावे, सनावळी लिहावी. त्याखाली मात्र एवढे लिहावे, की याचे लोखंड खाणीतून काढणारे, ते गाळणारे, घडवणारे, पाणी देणारे, चाकावर घासणारे, समुद्रावरून आणणारे, मूठ बसवणारे आणि पिढ्यान्‌पिढ्या गंज चढू न देणारे असे इतके लोक होते, आणि त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

एवढ्या मजकुराला काही लाख रुपये लागत नाहीत. चार ओळींची जागा लागते. रघूजींच्या लेखात फिरंग या शब्दाला सोन्यात जागा मिळाली. आमच्या काळात त्या शब्दामागच्या माणसांना निदान शाईत तरी मिळावी.