घागरीवरचे कमळ, घागरीतली माती

भायखळ्याच्या राणीच्या बागेला लागून असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत घडलेली जुनी मातीची भांडी ठेवलेली आहेत. निळ्या, पिवळ्या, तपकिरी झिलईखाली वेली आहेत, फुले आहेत, पक्षी आहेत. म्हसळ्याहून मुंबईला कामानिमित्त गेलो की वेळ काढून मी ती पाहून येतो. आमच्याकडे मातीचे भांडे म्हणजे लाल मडके. त्यावर ना फूल ना पान. त्यामुळे दरवेळी तोच प्रश्न मनात येतो : मातीच्या भांड्यात निसर्ग येतो म्हणजे नेमके काय येते, आणि तो आणतो कोण?

कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. १८६५ मध्ये तेथे वास्तुशिल्प शिकवायला जॉन लॉकवुड किपलिंग आले. ‘जंगल बुक’कार रुडयार्ड यांचे हे वडील. त्यांची उमेदवारी इंग्लंडमधल्या बर्स्लेम या कुंभारकामाच्या गावी, भांड्यांच्या कारखान्यात झाली होती. जनावरांकडे पाहण्याची त्यांची नजर जिवंत होती. क्रॉफर्ड मार्केटवरची शिल्पे त्यांच्याच हातची. १८७५ मध्ये ते लाहोरला गेले आणि १८९१ मध्ये भारतातील माणूस व पशू यांच्या नात्यावर त्यांनी सचित्र ग्रंथच प्रसिद्ध केला.

शाळेत कुंभारकाम उभे केले ते मात्र जॉर्ज टेरी यांनी, १८७० नंतरच्या दशकात. त्यांनी सिंधमधून निष्णात कुंभार आणवले. सिंधी कौलांवर नक्षी उतरवण्याची रीत मोठी मजेची होती. कागदावर नक्षी काढायची, तिच्या रेषांवर सुईने भोके पाडायची, कागद कौलावर ठेवून वरून कोळशाची पूड फिरवायची. मग ठिपक्यांच्या आधाराने कुंचला चालवायचा. दिवाळीत छापाने रांगोळी काढणाऱ्याला हे वेगळे समजवायला नको. ही वेल कोणी बागेत बसून काढलेली नव्हती. ती पिढ्यान्‌पिढ्या कागदाच्या भोकांतून गळत आलेली होती.

दुसरा झरा अजिंठ्याचा. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स आणि शाळेचे विद्यार्थी लेण्यांतील चित्रांच्या नकला करीत होते. छतांच्या चौकटींतली कमळे, हंसांच्या रांगा, फळांचे घोस, कमळांत रमलेला हत्ती असे भांडारच त्यांच्या हाती लागले. टेरी यांनी भांड्यांवरची एक नवी शैली अजिंठ्यावरून बेतली आणि दुसरी मराठी मुलखातल्या देवदेवतांच्या कथांवरून.

यावर सहज म्हणता येईल, की ही सगळी नक्कलच. सुरुवातीला मीही तसेच म्हणत असे. पण छताच्या चौकोनातले सपाट कमळ घागरीच्या पोटावर तसेच्या तसे बसत नाही. पोटाशी पाकळी रुंदावते, गळ्याशी तिला आवरते घ्यावे लागते. हंसांची रांग फिरत फिरत जिथे पुन्हा स्वतःला मिळते, तिथे अर्धा हंस उरून चालत नाही. भट्टीत रंग किती पसरेल याचा अदमास आधीच घ्यावा लागतो. हे निर्णय कागद घेत नाही, हात घेतो.

त्या हातांची नोंद कशी झाली? जॉर्ज बर्डवुड हे मुंबईत वावरलेले डॉक्टर आणि वनस्पतींचे जाणकार. त्यांनी १८८० च्या आपल्या भारतीय कलाकारागिरीवरील ग्रंथात सिंधच्या कुंभारांची नावे दिली आहेत. कराचीचा जुमू, उस्मान कुंभाराचा मुलगा, हे त्यांतले एक. मुंबईच्या भांड्यांकडे वळल्यावर मात्र नाव येते ते टेरी यांचे. कराचीत कुंभाराला बापाच्या नावासकट ओळख आहे, मुंबईत ओळख साहेबाची आणि शाळेची.

आमच्या भागाचे काय? म्हसळा १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होते. कुलाबा आणि जंजिरा यांचे गॅझेटियर १८८३ मध्ये निघाले, म्हणजे टेरी यांच्या भांड्यांच्याच काळात. अशा ग्रंथांत कुंभार येतो तो जातींच्या वर्णनात. कलावंतांच्या यादीत तो येणार कसा? त्याच्या मडक्यावर कमळ नव्हते.

पण निसर्ग त्याच्याकडेही होताच, फक्त तो चित्रात नव्हता. जांभ्याच्या मुलखातल्या मातीत लोह असते. आव्यात हवा खेळती राहिली तर मडके लाल निघते; हवा कोंडून धूर आत धरला तर तेच काळे होते. कच्च्या मडक्यातली ओल पुरती गेली नसेल तर आगीत ते तडकते. त्यामुळे कोकणातल्या पावसात चाक थांबते आणि पाऊस सरला की फिरते. मडक्याचे पोट आतून गोट्याचा आधार देऊन बाहेरून थापीने वाढवायचे. कुठे पातळ झाले हे डोळ्यांना दिसत नाही, ते आवाजावरून कळते. माती, पाऊस, वारा, जळण यांचा हा अभ्यास पिढ्यांचा आहे. लेण्यातले कमळ न्याहाळणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा तो कमी बारकाईचा नाही.

आपण कलेचा इतिहास लिहिताना भांड्यावर निसर्ग काढणाऱ्याला कलावंत म्हटले आणि निसर्गाशी रोज व्यवहार करून भांडे उभे करणाऱ्याला कारागीर. मुळात तो भेद मातीत नाही. घागर ओली असतानाच फुटली तर कमळ बसणार कशावर? संग्रहालयातली भांडी मला आजही सुंदर वाटतात. आता मात्र मी नक्षी पाहून झाल्यावर खाली वाकून, झिलई जिथे संपते तिथली उघडी माती दिसते का तेही पाहतो.

यंदा पणत्या घ्याल तेव्हा एक उलटी करून पाहा. तळाशी चाकावरून दोऱ्याने कापल्याच्या वळणदार रेषा दिसतील. सही म्हणायची तर तीच.