झुकॉव्ह दारातून परत फिरला नसता तर

२६ जून १९५३. क्रेमलिनमध्ये पक्षाच्या सर्वोच्च मंडळाची बैठक चालू होती आणि शेजारच्या खोलीत मार्शल गेऑर्गी झुकॉव्ह काही निवडक सेनाधिकाऱ्यांसह दबा धरून होता. पंतप्रधान मालेन्कॉव्हने घंटीचं बटण दाबलं, तसे ते आत घुसले आणि गुप्त पोलिसांचा सर्वेसर्वा लाव्हरेन्ती बेरिया जागच्या जागी कैद झाला. क्रेमलिनचे पहारेकरी बेरियाच्याच खात्याचे, म्हणून हे काम लष्करावर सोपवावं लागलं होतं. स्टालिनला जाऊन चार महिनेही झाले नव्हते. मॉस्कोत रणगाडे आलेले, देशाचे सगळे राज्यकर्ते एका खोलीत, आणि दारात बर्लिन जिंकणारा सेनानी. काम आटोपून तो परत फिरला. फिरला नसता तर?

मोह पडावा असा प्रश्न आहे, पण १९५३चं उत्तर झुकॉव्हच्या बाजूने जात नाही. त्याच्या लोकप्रियतेने धास्तावलेल्या स्टालिनने १९४६ मध्ये त्याला ओडेसाला आणि १९४८ मध्ये थेट उरलला धाडलं होतं. स्टालिन गेल्यावर तो उपसंरक्षणमंत्री झाला, पण मंत्रिपद बुल्गानिनकडे राहिलं. सैन्यात राजकीय अधिकारी होते, गुप्त पोलिसांचे डोळे होते आणि १९३७ साली मार्शल तुखाचेव्हस्कीला गोळ्या घातल्याची आठवण कोणत्याही सेनापतीच्या मनातून गेलेली नव्हती.

खरी संधी चार वर्षांनी आली. झुकॉव्ह तोवर संरक्षणमंत्री झाला होता. १९५७ च्या जानेवारीत दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनाचा तो प्रमुख पाहुणा होता. त्याच वर्षी जूनमध्ये मंडळातल्या मोलोतोव्ह, मालेन्कॉव्ह आणि कागानोविच यांनी पक्षप्रमुख ख्रुश्चेव्हला खाली खेचायचा घाट घातला. मंडळात बहुमत त्यांचंच होतं. झुकॉव्हने लष्करी विमानं पाठवून केंद्रीय समितीचे सभासद देशभरातून मॉस्कोत आणले आणि डाव उलटला. आपल्या हुकुमाशिवाय एकही रणगाडा हलणार नाही, असं त्याने विरोधकांना बजावल्याचं सांगतात. ख्रुश्चेव्हची खुर्ची ज्या ताकदीने वाचली, त्याच ताकदीची त्याला धडकी भरली.

त्या आठवड्यात झुकॉव्हने ती खुर्ची स्वतःकडे घेतली असती, तर राज्य कसं झालं असतं? त्याच्या कारभारावरूनच अंदाज बांधता येतो. जर्मनांच्या कैदेतून परतलेल्या सैनिकांवरचा देशद्रोहाचा कलंक पुसण्यासाठी तो झटला. १९५५ च्या जिनिव्हा परिषदेत युद्धकाळातला सहकारी आणि तेव्हाचा अमेरिकी अध्यक्ष आयझेनहॉवर त्याच्याशी मोकळेपणाने बोलला; दोन सेनानींमध्ये शस्त्रकपातीचा करार लवकर झाला असता, असं मानायला जागा आहे. पण सप्टेंबर १९५४ मध्ये तोत्स्कच्या युद्धसरावात सुमारे ४५ हजार सैनिकांच्या जवळ अणुबॉम्ब फोडला गेला, तो याच झुकॉव्हच्या देखरेखीखाली. नोव्हेंबर १९५६ मध्ये बुडापेस्टचा उठाव चिरडणाऱ्या सोव्हिएत लष्कराचा मंत्रीही तोच होता. त्याच्या राज्यात सैनिकाला न्याय मिळाला असता. हंगेरीला मिळाला नसता.

आणि ते राज्य टिकलंच असतं, याची खात्री देववत नाही. ऑक्टोबर १९५७ मध्ये तो युगोस्लाव्हिया आणि अल्बानियाच्या दौऱ्यावर असताना मॉस्कोत त्याच्या हकालपट्टीची तयारी पूर्ण झाली. केंद्रीय समितीच्या बैठकीत कोनेव्ह, रोकोसोव्हस्की, मालिनोव्हस्की असे युद्धातले सोबतीच त्याच्याविरुद्ध बोलले. संरक्षणमंत्रिपद मालिनोव्हस्कीला मिळालं आणि कोनेव्हने पक्षाच्या ‘प्राव्दा’ दैनिकात झुकॉव्हवर टीकेचा लांबलचक लेख लिहिला. सत्ता पेलायला त्याला ज्या मार्शलांची साथ लागली असती, ते हेच होते.