उमेदवारी : आपल्या समाजाची जुनी वाट



अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात स्टेट कॉलेज नावाचे एक गाव आहे. गावाचे नावच 'कॉलेज', कारण गाव वसले ते कॉलेजाभोवती. इस्राएलमध्ये शिक्षिकेची नोकरी करून निवृत्त झाल्यावर मी गेली काही वर्षे इथे मुलीकडे राहते. इथे भाजीच्या दुकानात, बसमध्ये, सिनॅगॉगमध्ये, जिथे जाल तिथे कोणाच्या ना कोणाच्या तोंडी पदवी, पीएच. डी. आणि प्रोफेसर हेच विषय असतात. अशा गावात एखाद्या घरातला मुलगा "मला कॉलेज नको, मी इलेक्ट्रिशियन होतो" म्हणाला, की आजी-आजोबांच्या पोटात धस्स होते. आपल्या समाजातील काही घरांतून असे फोन मला येतात. "बाई, तुम्ही मास्तरीण आहात, त्याला समजवा," म्हणतात.

समजवायला माझी ना नाही. पण आधी इतिहास पाहू. कॉलेजाची पदवी नसताना चांगले पोट भरणे ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नाही. आपण वर आलो तेच त्या वाटेने. मात्र त्या वाटेला काही अटी होत्या. त्या जिथे पाळल्या गेल्या तिथे माणूस तरला आणि जिथे पाळल्या गेल्या नाहीत तिथे कुशल माणूसही बुडाला.

प्रथम या गावाची गोष्ट सांगते. आज जिथे विद्यापीठ आहे त्याच्या जवळ १७९१ साली लोखंड गाळण्याची भट्टी सुरू झाली. तिचे नाव सेंटर फर्नेस. तिचा दगडी धुराडा अजून रस्त्याच्या कडेला उभा आहे. लाकडाचा कोळसा पाडणारे, भट्टी राखणारे, साचे ओतणारे असे कारागीर तिथे काम करीत आणि सर्व जण काम करता करताच शिकत. याच भट्टीचे मालक मोझेस थॉम्पसन आणि जेम्स आयर्विन यांनी शाळेसाठी २०० एकर जमीन दिली. १८५५ साली त्या शाळेला सरकारी सनद मिळाली आणि १८५९च्या फेब्रुवारीत ६९ मुलांनिशी ती उघडली. तिचे नाव ठेवले होते 'फार्मर्स हायस्कूल'. शिक्षण कॉलेजाचे होते, पण नावात 'कॉलेज' घातले नाही. कॉलेजात गेलेला मुलगा शेतीला निकामी होतो, अशी शेतकऱ्यांची समजूत होती! प्रत्येक मुलाला रोज तीन तास अंगमेहनतीचे काम सक्तीचे होते. १८६२ साली ते 'अॅग्रिकल्चरल कॉलेज' झाले, १८७४ साली 'पेन्सिल्व्हेनिया स्टेट कॉलेज' आणि १९५३ साली विद्यापीठ. गावाचे नाव मात्र जुनेच राहिले. म्हणजे आज पदवीसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाचा पाया हाताला माती लावणाऱ्या शिक्षणावर घातला गेला होता.

आता आपल्याकडे वळू. कोकणात कुलाबा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत आपले पूर्वज तेलाचा घाणा चालवीत. शब्बाथला घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. बैल घाण्याला जुंपावा, तीळ-खोबऱ्याचे तेल गाळावे, उरलेली पेंड गुरांना विकावी, असा तो धंदा. बापाने मुलाला शिकवायचा. पोट भरे, पण त्यात पुढे जायची पायरी नव्हती. तेल्याचा मुलगा तेलीच.

ती पायरी मिळाली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई पलटणींत. अठराव्या शतकात आपली माणसे कोकणातून मुंबईला आली आणि सैन्यात भरती झाली. तिथे कोणी पदवी विचारली नाही. पण शिपायाला कवायत शिकवली, शिकत असताना पगार दिला आणि नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार, सुभेदार-मेजर अशी ठरलेली चढण समोर ठेवली. शेवटी पेन्शनही होते. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल एझेकिएल दिवेकर, हे अशाच नेटिव्ह ऑफिसरांपैकी एक. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले आणि सुटून आल्यावर १७९६ साली त्यांनी मुंबईत 'शाआर हाराहमीम' बांधले. आपण तिला जुनी मशीद म्हणतो. ज्यांचे वाडवडील घाणा हाकीत, त्यांच्यातला एक माणूस पदवीवाचून इतका उभा राहिला की त्याने समाजाला पहिले सिनॅगॉग दिले.

सैन्याच्या जोडीने दुसरीही कामे होती. मुंबई वाढत होती, घरे व गोद्या बांधल्या जात होत्या, तेव्हा आपल्यातले पुष्कळ लोक सुतार आणि गवंडी होते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि पुढे रेल्वेने आपल्या अनेक घरांना काम दिले. अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासून मुंबईत होते. त्यांच्या मराठी शाळांत आपली मुले शिकली आणि आपले लोक पंतोजी म्हणून नोकरीलाही लागले. पुढे व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला मास्तर हा गावात मानाचा माणूस असे. आपल्या बायका नर्स झाल्या त्याही वॉर्डात काम करीत करीत शिकून. पदवी यांच्यापैकी बहुतेकांकडे नव्हती. पण एक परीक्षा, एक दाखला आणि वरचा कोणीतरी शिकवणारा हे सगळ्यांजवळ होते.

मराठीत या शिक्षणाला फार चांगला शब्द होता : उमेदवारी. आज उमेदवार म्हटले की निवडणूक आठवते. पण आमच्या लहानपणी "मुलगा कुठे असतो?" याचे उत्तर "अमक्याकडे उमेदवारी करतो" असे असे. म्हणजे थोड्या पैशांवर किंवा नुसत्या जेवणावर राहून धंदा शिकणे. शब्दातच उमेद आहे.

मग कारागिरीविषयी कमीपणा आला कुठून? माझ्या मते तो शाळेबरोबर नव्हे, कचेरीबरोबर आला. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत आपल्या समाजाची शाळा काढली. तीच पुढे सर एली कदुरी शाळा झाली. या शाळेचे आपल्यावर फार उपकार आहेत. रिबेका रुबेन यांच्यासारख्या विदुषीने ती वर्षानुवर्षे चालवली. इंग्रजी आले आणि मॅट्रिक झालेल्या मुलाला पोस्टात, रेल्वेत, म्युनिसिपालिटीत कारकुनी मिळू लागली. पगार ठरलेला, कपडे स्वच्छ, शिवाय पेन्शन. साहजिकच आईबापांना वाटले की मुलाने हातात पटाशी धरण्यापेक्षा टाक धरावा. दोन-तीन पिढ्यांत हा विचार इतका मुरला की आपण मुळात कारागीर आणि शिपाई होतो हेच विसरायला झाले.

पण कारागिरीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुंबईच्या कापड गिरण्यांत काम शिकायचे ते जॉबरच्या मर्जीने. त्याने सांगितले तर साच्यावर उभे राहायचे, नाहीतर बदली म्हणून रोज सकाळी दारात. वर्षानुवर्षे काम केलेल्याजवळही आपल्या कसबाचा कागद नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यातल्या कितीतरी जणांना पुन्हा कामावर जाताच आले नाही. हाताला कसब होते, पण गिरणीच्या फाटकाबाहेर ते कोणी ओळखत नव्हते. तोवर आपले बहुतेक लोक इस्राएलला गेले होते, म्हणून त्या तडाख्यातून वाचले.

तिथेही हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला. माझे वडील फिटर होते. पंचवीस वर्षे यंत्रांत हात घातलेला माणूस. अलिया केल्यावर एका कारखान्यात त्यांना पहिले वर्ष हेल्पर म्हणून ठेवले, कारण दाखवायला कागद नव्हता आणि भाषा येत नव्हती. पुढे परीक्षा दिली, दर्जा मिळाला, पगार वाढला. काम तेच, हात तेच. बदलला फक्त कागद. दिमोना, बेर-शेवा, लोद, अश्दोद इथल्या वाचकांना अशी उदाहरणे घरोघर आठवतील. कोणी सूतगिरणीत होते, कोणी विमानांच्या दुरुस्तीच्या कारखान्यात.

इस्राएलने ही अडचण लवकर ओळखली होती. १९५३ सालीच तिथे उमेदवारीचा कायदा झाला आणि मुलाने काम करताना शाळेतही शिकावे अशी सोय झाली. भारतात असा कायदा १९६१ साली आला. आणि ज्यू समाजाच्या ओर्ट या संस्थेचे नाव घेतल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. १८८० साली रशियात, सेंट पीटर्सबर्ग येथे, गरीब ज्यूंना हातकाम शिकवण्यासाठी ती निघाली. १९६०च्या दशकात मुंबईत वरळीला तिची शाळा झाली आणि आपल्या कित्येक मुलांनी इस्राएलला निघण्यापूर्वी तिथे यंत्रकाम शिकून घेतले. ती मुले जाताना कसबाबरोबर दाखलाही घेऊन गेली.

आता पुन्हा पेन्सिल्व्हेनियाला येऊ, कारण फोन करणाऱ्या आजोबांना आजचा हिशेब हवा असतो. अमेरिकेत १९३७ साली फिट्झजेराल्ड कायदा झाला. त्यानुसार नोंदलेली उमेदवारी किमान २,००० तासांच्या कामाची असते आणि वर्षाला साधारण १४४ तास वर्गात शिकावे लागते. इलेक्ट्रिशियनला चार-पाच वर्षे लागतात. पगार पहिल्या दिवसापासून, आणि शिकत जाईल तसा वाढत जातो. शेवटी मिळणारा दाखला देशभर चालतो. स्टेट कॉलेजच्या सरकारी हायस्कुलातही हातकामाचे वर्ग आहेत आणि जवळच प्लेझंट गॅप येथे वेल्डिंग, डिझेल, नर्सिंग वगैरे शिकवणारी संस्था आहे.

सरकारी आकड्यांप्रमाणे २०२३ साली अमेरिकेत इलेक्ट्रिशियनचा मध्यम वार्षिक पगार ६१,५९० डॉलर होता. विजेच्या तारा ओढणाऱ्यांचा ८५,४२० आणि लिफ्ट बसवणाऱ्यांचा १,०२,४२० डॉलर. सर्व कामे मिळून देशाचा मध्यम पगार ४८,०६० डॉलर. त्याच वर्षी जानेवारीत गव्हर्नर जॉश शपिरो यांनी हुकूम काढून राज्य सरकारच्या ९२ टक्के नोकऱ्यांसाठी, म्हणजे सुमारे ६५,००० जागांसाठी, चार वर्षांच्या पदवीची अट काढली. हे शपिरोही आपलेच, ज्यू आहेत, हे वाचकांना ठाऊक असेल.

पण हिशेब एकच बाजूचा सांगितला तर तो मास्तरकीला शोभणार नाही. त्याच २०२३ साली नुसते हायस्कूल झालेल्याची मध्यम कमाई आठवड्याला ८९९ डॉलर होती आणि पदवीधराची १,४९३. म्हणजे पदवीला आजही किंमत आहे. ज्याला डॉक्टर, इंजिनियर, वकील व्हायचे आहे त्याला ती घेतलीच पाहिजे. उलट बाजूला, पदवीसाठी काढलेल्या सरकारी कर्जाचा या देशावरचा बोजा २०२३ साली सुमारे १.६ लाख कोटी डॉलर होता, आणि अर्धवट शिक्षण सोडलेल्या मुलाच्या डोक्यावर कर्ज राहते, हातात पदवीही नसते. शिवाय खांबावर चढण्याचे काम साठाव्या वर्षी होत नाही. गुडघे, पाठ, डोळे झिजतात. सुभेदाराला पेन्शन होते ते याचसाठी.

म्हणून घरातल्या मुलाने हे सांगितले तर रागावू नका आणि लगेच शाबासकीही देऊ नका. आपल्या पूर्वजांच्या अनुभवातून निघालेले चार प्रश्न त्याला विचारा. शिकवणार कोण, आणि शिकताना पगार मिळेल का? शेवटी हातात येणारा दाखला दुसऱ्या गावी, दुसऱ्या देशी चालेल का? वरची पायरी आहे का, की विसाव्या वर्षी जे काम तेच पन्नासाव्या वर्षी? आणि शरीर थकल्यावर काय? या चारही प्रश्नांना नीट उत्तर असेल तर त्याला पदवी नाही याचे दुःख करण्याचे कारण नाही. नसेल, तर ते काम आज कितीही पैसे देवो, तो घाणाच. बैल फिरत राहतो आणि जागा बदलत नाही.

तालमूदमध्ये बापाच्या कर्तव्यांत मुलाला तोरा शिकवणे सांगितले आहे आणि धंदा शिकवणेही सांगितले आहे. आपल्या वाडवडिलांनी कोकणात असताना तोराचे फारसे ज्ञान उरले नसतानाही शब्बाथ पाळला आणि धंदा शिकवला. वाचकांपैकी ज्यांचे वडील किंवा आजोबा सुतार, फिटर, हवालदार, नर्स, मास्तर होते, त्यांनी ते कसे शिकले, कोणाकडे उमेदवारी केली, पहिला पगार किती होता, हे लिहून काढावे आणि नातवंडांना वाचून दाखवावे. नातवंडांना मराठी येत नसेल तर हिब्रूत सांगा, इंग्रजीत सांगा. पण त्यांना हे कळले पाहिजे की त्यांच्या घरात हाताने कमावलेल्या भाकरीची लाज कधी कोणाला वाटली नव्हती.