धोंडो

आज बारशाला ‘धोंडो’ नाव सुचवलं तर आत्याच पाळणा सोडून जाईल! धोंडा म्हणजे दगड. घरात मुलं जगत नसली, की पुढच्याला दगडू, केरू, भिकू असं मुद्दाम टाकाऊ नाव ठेवत; दृष्ट लागू नये, काळानं ढुंकूनही पाहू नये म्हणून. धोंडोत आणखी एक आशा : पोर दगडासारखं टिको. अधिक महिन्यालाही ‘धोंड्याचा महिना’ म्हणतात. त्यात जन्मलेलाही कधी धोंडू व्हायचा. सत्तावनच्या उठावातले नानासाहेब पेशवे म्हणजे धोंडोपंत. आणि 1858 साली जन्मलेले महर्षी धोंडो केशव कर्वे? शंभराव्या वर्षी भारतरत्न घेऊन 1962पर्यंत जगले. नाव लागू पडलं म्हणायचं.