तबकडी की फीत?

एरंडोलच्या आमच्या एका शिक्षकमित्रांच्या घरी माळा आवरताना दोन वस्तू निघाल्या. एक म्हणजे ध्वनिमुद्रिकांनी भरलेली पेटी आणि दुसरी टेपरेकॉर्डरच्या फितीचे एक स्पूल. स्पूलच्या खोक्यावर पेन्सिलीने लिहिले होते, 'आजी – जात्यावरच्या ओव्या'. ग्रामोफोन कधीच मोडीत गेला होता आणि टेपरेकॉर्डर बंद पडला होता. मित्रांनी आम्हांला विचारले, "पैसे बेताचे आहेत. एखादा उत्तम रेकॉर्ड-प्लेअर घ्यावा, की टेपरेकॉर्डर दुरुस्त करून घ्यावा? आवाज कशात चांगला?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आपल्याला सुमारे दीडशे वर्षे मागे जावे लागेल.

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. हे चढउतार एखाद्या पदार्थात जसेच्या तसे, सलगपणे उमटवायचे, यालाच अ‍ॅनालॉग पद्धत म्हणतात. १८७७ मध्ये एडिसनने ते कथलाच्या पत्र्यावर उमटवले. पण त्याच्या नळकांड्याच्या प्रती काढणे अवघड होते. १८८७ मध्ये एमिल बर्लिनर याने नळकांड्याऐवजी सपाट तबकडी आणली. एका मूळ तबकडीवरून धातूचा साचा करायचा आणि त्या साच्याने, पुस्तक छापावे तशा, हजारो तबकड्या छापायच्या. तबकडीचे खरे बळ या छपाईत आहे.

१९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग कोलकात्यात आला आणि त्याने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. गाणे संपताच त्या आपले नाव इंग्रजीत सांगत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे छापल्या जात. तेथील कारागिरांना गाणे कोणाचे हे कळावे, म्हणून ही युक्ती होती. त्या काळी मायक्रोफोन नव्हता, कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. विजेच्या साहाय्याने मुद्रण १९२५ पासून सुरू झाले. तरीही मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या १० इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटेच मावत. तासभर रंगणारा ख्याल गवयांना तेवढ्यात बसवावा लागे.

फितीचा इतिहास वेगळा आहे. १८९८ मध्ये डेन्मार्कच्या पाउलसन याने पोलादी तारेवर चुंबकत्वाने आवाज साठवला. १९२८ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमर याने लोहचूर्ण लावलेली कागदी फीत तयार केली. १९३५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात 'मॅग्नेटोफोन' हे यंत्र लोकांपुढे आले. आवाजाच्या जोडीला उच्च कंप्रतेचा विद्युत्प्रवाह दिला, तर फितीची खरखर एकदम कमी होते, हे १९४० मध्ये तेथेच लक्षात आले. युद्धानंतर हे तंत्र अमेरिकेत पोहोचले. १९४८ मध्ये अँपेक्स कंपनीची यंत्रे तेथील नभोवाणीत वापरात आली आणि त्याच वर्षी मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लाँग-प्ले तबकडीही बाजारात आली. यानंतरच्या बहुतेक लाँग-प्ले तबकड्यांचे गाणे आधी फितीवर मुद्रित झाले आणि मग तबकडीवर कोरले गेले. म्हणजे ही दोन्ही साधने एकमेकांची स्पर्धक नव्हती, एकाच कामाचे दोन टप्पे होती.

आता आवाजाच्या गुणवत्तेकडे वळू. पुढील हिशेब आठवी-नववीच्या वर्गात सहज करता येईल. लाँग-प्ले तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांत होतो. सर्वांत बाहेरच्या खाचेची त्रिज्या सुमारे १४.६ सेंमी धरली, तर सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंमी खाच जाते. आतल्या, ६ सेंमी त्रिज्येच्या खाचेत हाच वेग २१ सेंमीवर येतो. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोंबावा लागतो, म्हणून बाजूच्या शेवटी बारीक, तीव्र स्वर थोडे फाटतात. फितीचा वेग मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा असतो. घरगुती यंत्रात तो सेकंदाला १९ सेंमी किंवा त्याहून कमी, तर स्टुडिओत बहुधा ३८ सेंमी. ७ इंची स्पूलवर १२०० फूट फीत मावते. ती १९ सेंमी वेगाने ३२ मिनिटे चालते. मात्र फितीला स्वतःची सूक्ष्म खरखर असते आणि तिच्या एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर अस्पष्ट उमटतो.

मग महागड्या रेकॉर्ड-प्लेअरमध्ये विशेष काय असते? त्याची फिरती चकती जड असते. गाडीच्या फ्लायव्हीलप्रमाणे ती वेग डळमळू देत नाही. मोटरची घरघर सुईपर्यंत पोहोचू नये आणि सुईचा हात घर्षणाविना फिरावा, याचीही काळजी घेतलेली असते. पण हे सारे दोष टाळण्यासाठी आहे. जे खाचेत मुळात कोरलेलेच नाही, ते लाखाचे यंत्रही ऐकवू शकत नाही.

एक प्रयोग करून पाहावा. निकामी झालेली ७८ फेऱ्यांची तबकडी फिरती ठेवून, कागदाच्या नरसाळ्याच्या टोकाला टाचणी खुपसून ती खाचेवर अलगद टेकवावी. विजेशिवाय गाणे ऐकू येते. (चांगल्या तबकडीवर हा प्रयोग करू नये, खाच खरवडली जाते.) फितीच्या बाबतीत असे करता येत नाही. तिचे यंत्र नाहीसे झाले, की फीत मुकी होते.

१९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवलेल्या तबकडीचे उदाहरण येथे बोलके आहे. त्या तबकडीवर गोव्याच्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. निवड झाली तेव्हा ती मुद्रिका बाजारात मिळेनाशी झाली होती. शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. छापलेली तबकडी जगात कोठे ना कोठे उरते. याच यानांवर फितीचे यंत्रही होते. मोजमापे पृथ्वीकडे पाठवीपर्यंत ती तात्पुरती साठवायची, एवढेच त्याचे काम. चिरकाल टिकायचे ते मात्र सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर कोरले गेले.

आता एरंडोलच्या माळ्यावर परत येऊ. पेटीतल्या ध्वनिमुद्रिका इतर कोणाकडे तरी असणार. आजींच्या ओव्यांची मात्र साऱ्या जगात एकच प्रत आहे. शेजारच्या जळगाव तालुक्यातील असोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या ओव्या सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी लिहून ठेवल्या, म्हणून त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपाने आपल्या हाती आल्या. शब्द राहिले. पण आवाजाचा हेल आणि जात्याच्या घरघरीत घेतलेला श्वास कागदावर उतरत नाही. तो उतरतो फितीवर, आणि फीत म्हातारी होते. तिचा लेप चिकट होऊन सुटू लागतो. काही फितींना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो.

म्हणून आम्ही मित्रांना सांगितले, आधी टेपरेकॉर्डर जाणकाराकडून दुरुस्त करून घ्या. स्पूल लाउडस्पीकरच्या चुंबकापासून दूर, कोरड्या जागी उभे ठेवा. घाईने वाजवून पाहू नका. पहिल्यांदा वाजवाल तेव्हाच संगणकावर नक्कल उतरवून घ्या, कारण दुसऱ्यांदा ती वाजेलच याची खात्री नाही. मुद्रणाच्या लाल बटणाला हात लागू देऊ नका. नकलेवर नाव, गाव आणि साल लिहा आणि तीन घरी तीन प्रती ठेवा.

वाचक शिक्षकांनीही विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे, की तुमच्या घरी असा आवाज कोणाचा आहे आणि त्याच्या प्रती किती आहेत? उत्तर 'एक' आले, तर त्या घरी याच आठवड्यात जावे.