दप्तराचा ताबा
अकबराच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात अबुल फजलाने ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची हकीकत लिहिताना मेहकर सरकारातील लोणारची आवर्जून नोंद केली. हे स्थान मोठे पवित्र, ब्राह्मण त्यास विष्णुगया म्हणतात, आणि काच व साबण यांना लागणारे क्षार या परिसरात निपजत असून त्यांच्यापासून सरकारास चांगला महसूल मिळतो, असा त्या नोंदीचा मथितार्थ आहे. डल्ला, पापडी अशा जातवारीने पुढे ज्यांची प्रतवारी होत असे, त्या लोणारच्या क्षारांची वार्ता बादशाही दरबारापर्यंत गेली ती दप्तराच्या वाटेने. गावचा कागद परगण्यात, परगण्याचा सरकारात आणि सरकारचा सुभ्यात, अशी ती उतरंड होती, आणि तिच्या प्रत्येक पायरीवर मूळ कागद खालीच राहून वर जाई ती केवळ त्याची नक्कल.

लोणारचे दैत्यसूदनाचे देवालय ज्याच्या नावावरून लोक हेमाडपंती म्हणून ओळखतात, तो हेमाद्री देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा मुख्य अधिकारी होता, आणि मोडी लिपीचे श्रेयही परंपरा त्यालाच देते. मंदिरांमुळे त्याचे नाव लोकांच्या जिभेवर राहिले. माझ्या मते मात्र शासनाच्या इतिहासात त्याच्या दप्तराचे मोल अधिक आहे, कारण ज्याच्या हाती नोंद त्याच्या हाती हक्क, हे सूत्र पुढील सहाशे वर्षे या मुलुखात अबाधित राहिले. वतनदारीच्या काळात परगण्याचे कागद देशपांड्याच्या वाड्यात आणि गावचे पटवाऱ्याच्या घरी, रुमालात बांधून, वंशपरंपरेने राहत. सरकारला हिशेब हवा असेल तर त्या घराची मर्जी सांभाळावी लागे. घर जळाले की गावची स्मृतीही जळे.

त्याहून विलक्षण अनुभव वऱ्हाडाने घेतला तो दुअंमलीचा. अठराव्या शतकाचा बहुतेक भाग आणि १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत, निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचा अंमल एकाच प्रदेशावर चाले. दोघांचे अंमलदार एकाच रयतेकडे जात, दोघांच्या वसुलीच्या वह्या वेगळ्या, आणि एकाने काय लिहिले ते दुसऱ्यास ठाऊक नसे.

१८५३ मध्ये वऱ्हाड कंपनीच्या स्वाधीन झाल्यावर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन सरकारी अभिलेख कक्ष उभे राहिले, आणि कागद व्यक्तीच्या घरातून कचेरीत आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला, १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने हक्कनोंदीचे नियम साऱ्या राज्यास एक केले, आणि १९८८-८९ मध्ये जमिनीच्या अभिलेखांचे संगणकीकरण देशातील ज्या आठ जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झाले त्यांत महाराष्ट्राचा जिल्हा होता वर्धा, म्हणजे विदर्भातलाच.

परंतु संगणक आला म्हणून ताब्याचा प्रश्न सुटला नाही, उलट तो पटवाऱ्याच्या काळाइतका मागे गेला. सर्व्हरची डिस्क त्याच्याच पेटीत बसवलेली. पेटी बिघडली की त्या तालुक्याची फेरफाराची कामे थांबली. डिस्क दूर ठेवावी तर १९८६ मध्ये प्रमाणित झालेल्या स्कझी पद्धतीची जाड तांब्याची केबल थोड्याच मीटरांच्या अंतरात जखडून ठेवी. या बंधनातून सुटका करण्यासाठी १९८८ च्या सुमारास अमेरिकेत फायबर चॅनेलच्या प्रमाणावर काम सुरू झाले आणि १९९४ मध्ये त्यास मान्यता मिळाली. तेच स्कझीचे हुकूम आता काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या रूपाने, योग्य तंतू असल्यास दहा किलोमीटरपर्यंत जाऊ लागले. लेखणी एका दालनात आणि वही दुसऱ्यात, अशी वाटणी या मार्गाने यंत्रांच्या जगात शक्य झाली.

सर्व्हर आणि दूर ठेवलेले डिस्कांचे भांडार, म्हणजे स्टोरेज, यांची ही जोडणी प्रत्यक्ष होते ती अत्यंत शिस्तीने. सर्व्हरमध्ये बसवलेल्या कार्डावर चिकटवलेल्या पट्टीवर सोळा अंकाक्षरांचा एक क्रमांक छापलेला असतो. जगात त्याच्याशी जुळणारे दुसरे कार्ड नसावे, अशा रीतीने तो दिलेला असतो. तंत्रज्ञ तो क्रमांक उतरवून घेतो, केबलच्या टोकावरील टोपी काढून ते टोक पुसतो, कारण ज्या गाभ्यातून प्रकाश जायचा तो पन्नास मायक्रॉन रुंद असून धुळीचा एक कणही त्यास अडवू शकतो. मग खटका वाजेपर्यंत टोक आत सारतो. केबल लागली म्हणजे साठा दिसू लागला, असे मात्र नव्हे. स्विचवर त्या क्रमांकास स्टोरेजच्या विशिष्ट दाराशी बोलण्याची परवानगी द्यावी लागते, ज्यास झोनिंग म्हणतात, आणि त्यानंतर खुद्द स्टोरेजवर अमुक सर्व्हरला अमुकच लन, म्हणजे साठ्याचा अमुकच तुकडा, द्यावा, अशी दुसरी नोंद करावी लागते. दोन्ही दाखले जुळले तरच तो तुकडा सर्व्हरला स्वतःच्या डिस्कसारखा दिसतो. वाटाही दोन ठेवतात, दोन कार्डे व दोन स्विच, म्हणजे एक मार्ग तुटला तरी काम अडत नाही.

एकच लन दोन सर्व्हरांना दिला आणि परस्परांची वर्दी ठेवणारी क्लस्टरची व्यवस्था नसली, तर जे घडते ते नेमके दुअंमलीसारखे: प्रत्येकजण मोकळ्या जागेचा हिशेब आपल्या स्मरणात वेगळा ठेवतो, मोकळी समजून दुसऱ्याच्या नोंदीवर लिहितो, आणि दोघांनीही प्रामाणिकपणे काम करूनसुद्धा साठा नासतो. वऱ्हाडची रयत हा धडा फार महागात शिकली होती.

राज्यांच्या डेटा सेंटरची केंद्राची योजना २००८ मध्ये मंजूर झाली, आणि अशा केंद्रांत सामाईक स्टोरेज ही सर्वमान्य रचना ठरली. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरून असंख्य फायली भस्मसात झाल्या. ज्यांच्या प्रती आधीच स्कॅन झाल्या होत्या, त्यांचा मजकूर तेवढा उरला. कागद जेथे लिहिला जातो तेथेच त्याचा एकमेव ठेवा असू नये, याचा इतका कठोर पुरावा क्वचितच मिळेल. आज लोणारच्या शेतकऱ्यास डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो, त्यामागे त्याने कधी न पाहिलेल्या दालनातील स्टोरेज असते, आणि त्या दालनाचा कारभारी कोणत्याही वाड्याचा वारस नसतो, ही मी मोठी प्रगती समजतो.

चिंता वाटते ती एका साध्या गोष्टीची. वापरातून काढलेल्या सर्व्हरचा क्रमांक झोनिंगच्या यादीत तसाच राहून जातो, बदलून गेलेल्या अधिकाऱ्याच्या काळातील परवानग्या पुढे चालू राहतात, आणि कोणत्या यंत्रास कोणता लन दिला याची लेखी वही बहुधा एखाद्याच माणसाच्या टेबलाच्या खणात असते. ती यादी वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष कार्डांशी ताडून पाहावी आणि तिची नक्कल दुसऱ्या कचेरीत ठेवावी, एवढा नियम प्रत्येक केंद्राने लेखी करावा.