नेवाशाचा धागा

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें एक दगडी खांब आहे. ज्ञानेश्वरांनीं शके 1212 मध्यें त्यास टेकून गीतेवरील भाष्य सांगितलें, अशी परंपरा आहे. दर्शनास येणारा वारकरी तो खांब नुसता पाहून परतत नाहीं. त्यास मिठी मारतो. त्याच गांवच्या पांढरींत 1954 ते 1956 या काळांत डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया, शां. भा. देव प्रभृति विद्वानांनीं उत्खनन केलें. त्यांत निघालेली एक वस्तु मात्र कोणाच्याहि हातीं लागण्यासारखी नाहीं. तिच्याविषयीं आम्ही येथें लिहीत आहों.

ताम्रपाषाणयुगाच्या, म्हणजे सुमारें तीन हजार वर्षांपूर्वीच्या, थरांत एका बालकाच्या दफनांत तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांत दोऱ्याचे अंश शिल्लक होते. हाडें टिकतात, मडकीं टिकतात. सूत सहसा टिकत नाहीं. तांब्याच्या गंजांतील क्षार तंतूंत मुरले, कीं कुजविणाऱ्या सूक्ष्म जंतूंचें तेथें चालत नाहीं. मोहेंजोदडोच्या कापसाविषयीं टर्नर यांच्यासह 1928 सालीं लिहिणारे तंतुतज्ज्ञ ए. एन. गुलाटी यांनीं हा दोरा तपासला आणि 1961 सालीं निर्णय दिला, कीं हें कापसाच्या तंतूंवर कांतलेलें रेशीम आहे. पुढें 2009 सालीं हडप्पा व चन्हुदडो येथील त्याहून प्राचीन रेशमाचा पुरावा प्रसिद्ध झाला, आणि नेवाशाचा पहिला मान गेला. परंतु मेलेल्या लेंकराच्या गळ्यांत कोणीं तरी आपल्याजवळचें उत्तम तें घातलें, ही गोष्ट क्रमांकानें लहान होत नाहीं.

आम्ही हें वर्गांत सांगतों. विद्यार्थी ‘रेशीम’ हा शब्द वहींत टिपून घेतात. पण रेशीम कोणतें व कापूस कोणता, हें डोळे मिटून बोटांनीं सांगा म्हटलें, तर बहुतेक गोंधळतात. दोष त्यांचा नव्हे. जें ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या हाताला, कानाला आणि नाकाला होतें, तें आम्हीं केवळ डोळ्यांच्या स्वाधीन केलें.

म्हणून नेवाशास जैव द्रव्यांचें एक सार्वजनिक दालन असावें, असें आम्हांस वाटतें. मूळ धाग्यास कोणीं स्पर्श करूं नये, हें उघड आहे. परंतु त्याचे भाऊबंद हाताळण्यास हरकत कोणती? सरकीसकट कापूस, रेशमाचा कोश, अंबाडीचा वाख हीं समोर असावींत आणि मुलांनीं स्वतः पीळ देऊन पाहावा. प्रत्येक द्रव्याची चिमूटभर राख करून दाखवावी. रेशीम जळतांना केंस जळल्याचा वास येतो, कारण दोन्ही प्रथिनांचे. कापूस जळतांना कागदाचा वास येतो, कारण दोन्ही वनस्पतींच्या काष्ठद्रव्याचे. रसायनशास्त्राचा हा पाठ फळ्यावर इतका पक्का होत नाहीं.

कानासाठीं सामग्री याच जिल्ह्यांत आहे. संगमनेर तालुक्यांतील जोर्वे येथें 1950–51 मध्यें उत्खनन झालें व त्या गांवाचें नांव एका संस्कृतीस मिळालें. तेथील तांबडीं भांडीं इतकीं पक्कीं भाजलेलीं, कीं टिचकी मारतां धातूसारखीं वाजतात. बाजारांत माठ पारखणारी गृहिणी आजहि तीच परीक्षा करते. नव्या प्रतिकृति करून त्या वाजवूं द्याव्यात. मात्र मूळ कोणतें व प्रतिकृति कोणती, हें पाटीवर स्वच्छ लिहावें. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत 2015 पासून स्पर्शानें पाहावयाचें दालन झालें, तें मुख्यतः दृष्टिहीनांसाठीं. नेवाशाचें दालन डोळसांनाहि तितकेंच उपयोगी पडेल. शेवटच्या फळीवर शस्त्रवैद्याचा रेशमी टांका ठेवावा. रेशमांतील प्रथिनापासून शरीराच्या ऊतींस आधार देणारे सांगाडे घडविण्याचें संशोधन आज चालू आहे. त्याचा आरंभबिंदु त्या टांक्यांत दिसेल.

एक गोष्ट राहिली. अशा ठिकाणीं शिक्षक कोण? आमच्यासारखे पदवीधर तेथें दुय्यम ठरतील. कुंभार, कोष्टी आणि बुरूड यांस मानानें व योग्य वेतनानें बोलवावें लागेल, आणि तेंहि लौकर. कारण यांतील कित्येकांचीं मुलें आतां तो धंदा करीत नाहींत. तांब्यानें एक दोरा तीन हजार वर्षें राखला. हातांतील विद्या राखणारें असें कोणतेंहि तांबें आमच्यापाशीं नाहीं.